पुण्याहून मेलबर्न: किती किलोमीटर, किती तास

पुण्याहून मेलबर्न किती लांब आणि प्रवासाला किती वेळ धरायचा, असं तुम्ही विचारलंत. घरापासून घरापर्यंत पंचवीस-सव्वीस तास धरा. विमानात त्यातले जेमतेम तेराच जातात.

मुंबई ते मेलबर्न हवाई अंतर साधारण 9,800 किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलात तर 3,900 आणि 6,030, म्हणजे जवळपास 9,950. सिंगापूर अगदी वाटेवरच पडतं, दीडशे किलोमीटरचाच काय तो फेर. क्वालालंपूरचंही तसंच. दुबईमार्गे मात्र आधी उलटं पश्चिमेला जायचं आणि मग तिथून 11,600 किलोमीटर परत पूर्वेला. एकूण साडेतेरा हजार. तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त दिसलं, तरी मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर हा मार्ग घेऊ नका.

मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर-मेलबर्न साडेसात. येताना अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. समजा, मुंबईहून रात्री 11:30 ला निघालात. सिंगापूरला सकाळी 7:30 ला उतराल, 10:30 चं पुढचं विमान धराल आणि मेलबर्नला रात्री 8 ला पोचाल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा 9 वाजतील. घरी फोन करताना एरवी साडेचार आणि त्या काळात साडेपाच तासांचा फरक लक्षात ठेवा.

पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर, पण बोरघाटात अडकलात की तीन तासांचे पाच होतात. विमानाच्या आठ तास आधी घर सोडा, शुक्रवारी आणि रविवारी तर नक्कीच.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. मग बॅगा मुंबईतच मेलबर्नपर्यंत टॅग होतात. वेगवेगळी तिकिटं काढली की बॅगा घ्यायला सिंगापूरमध्ये बाहेर पडावं लागतं, त्याला व्हिसा लागतो आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. मध्ये दोन ते तीन तास ठेवा. पुढे ॲडलेडला जायचं असेल, तर बॅगा मेलबर्नलाच ताब्यात घेऊन कस्टम्स पार करावं लागतं, हेही धरून चाला.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते खाण्याच्या पिशवीपाशी. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नेऊ नका. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं, मांसही नाही. मसाला, लोणचं, चटणी, फराळ जे काही असेल, ते ऑस्ट्रेलियात शिरताना भरून द्यायच्या प्रवासी कार्डावर ‘आहे’ म्हणून लिहा. लिहिलंत तर अधिकारी फार तर बघून काढून घेतील. लपवलंत तर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. खाऊ सगळा एकाच बॅगेत, वरच्या बाजूला आणि नावं लिहून ठेवा, तपासणी लवकर उरकते. औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात. पॉवर बँक केबिन बॅगेतच.

मेलबर्नच्या टलमरीन विमानतळाहून शहरात ट्रेन नाही. स्कायबस सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते, रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या तासात. दोन मोठ्या बॅगा आणि कुटुंब असेल तर टॅक्सीच बरी.