केओएच तेच, मग उत्तर वेगळं का?

प्रश्न: सर, हॅलोअल्केनपासून (कार्बनला क्लोरीन, ब्रोमीनसारखा हॅलोजन जोडलेला रेणू) ॲक्वियस, म्हणजे पाण्यातल्या, केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) अल्कोहोल मिळतं आणि अल्कोहोलिक, म्हणजे अल्कोहोलमधल्या, केओएचने अल्कीन (दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेला रेणू). केओएच तर तेच ना?

तेच आहे, पण कशात विरघळलंय ते बघ ना. पाण्यात हायड्रॉक्साइडला पाण्याचे रेणू घेरून बसतात, बेस म्हणून (म्हणजे हायड्रोजन ओढायला) त्याचा जोर कमी पडतो, मग तो सरळ कार्बनला जाऊन चिकटतो आणि हॅलोजन सुटतो. अल्कोहोलमध्ये इथॉक्साइड तयार होतो, तो तगडा बेस, तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनच ओढून नेतो, आणि वरून आपण गरमही करतो म्हणजे एलिमिनेशनला (हायड्रोजन आणि हॅलोजन निघून दुहेरी बंध होणं) अजून जोर. २-ब्रोमोपेंटेन घेतलंस तर ८१ टक्के पेंट-२-ईन आणि १९ टक्के पेंट-१-ईन, हाच तो सेत्झेफचा नियम: दुहेरी बंधाला जास्त कार्बन जोडलेलं अल्कीन जास्त मिळतं. एकच प्रॉडक्ट, तेही १०० टक्के, हे फक्त गाईडमध्ये होतं!

प्रश्न: प्रायमरी (हॅलोजनवाल्या कार्बनला एकच कार्बन जोडलेला) म्हणजे एसएन-२, टर्शरी (तीन कार्बन जोडलेले) म्हणजे एसएन-१, एवढं पाठ केलं तर चालेल?

नाही चालणार, इथेच मार्क जातात. एसएन म्हणजे हॅलोजनच्या जागी दुसरा गट बसणं. एसएन-२ मध्ये न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉन देऊन कार्बनला चिकटणारा) हॅलोजनच्या मागच्या बाजूने येतो, त्यामुळे वाट मोकळी पाहिजे. टर्शरी ब्यूटाइल ब्रोमाइडमध्ये तीन मिथाइल दारातच उभे, शिरणार कुठून? म्हणून आधी ब्रोमाइड आपणहून निघतो, कार्बोकॅटायन (धन भाराचा कार्बन) उरतो, त्याला मग न्यूक्लिओफाइल चिकटतो, तो एसएन-१. (पण त्यालाच तगडा बेस दिलास तर अल्कीनच हाती येणार.) आता गंमत बघ, बेन्झाइल क्लोराइड प्रायमरी आहे तरी एसएन-१ देऊ शकतं, कारण त्यातली बेन्झीनची रिंग त्या कॅटायनला सांभाळून घेते. निओपेंटाइल ब्रोमाइडही प्रायमरीच, पण शेजारच्या कार्बनवर एवढी गर्दी की एसएन-२ जवळजवळ ठप्प.

प्रश्न: फ्लोरीन सगळ्यात इलेक्ट्रोनेगेटिव्ह (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा), मग फ्लोराइड आधी सुटायला हवा ना?

उलटं आहे. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या चौघांत कार्बन-फ्लोरीन बंध सगळ्यात मजबूत, आयोडीनचा सगळ्यात कमकुवत, म्हणून आयोडाइड पटकन सुटतो. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन एवढं सहन करतं ते याच बंधामुळे.

प्रश्न: लॅबमध्ये क्लोरोफॉर्म तपकिरी बाटलीत, तेही काठोकाठ भरून का ठेवतात?

उजेड आणि हवा दोन्ही मिळाले की त्याचं हळूहळू फॉस्जीन होतं, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू. तपकिरी काच उजेड अडवते, काठोकाठ भरली की आत हवेला जागाच नाही. शिवाय थोडं इथेनॉल घालतात, फॉस्जीन झालाच तर ते त्याचं डायइथाइल कार्बोनेट करून टाकतं.