दोन-तीन तेलवाहू जहाजांच्या कंपनीने किनाऱ्यावर आपत्कालीन पथक कसं उभारावं?

कायमचं मोठं पथक लागत नाही; चोवीस तास उचलला जाणारा एक फोन, निर्णयाचा अधिकार असलेली चार-पाच माणसं आणि संकटाआधीच केलेले करार, एवढं पुरतं. आयएसएम कोडचं (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली) ८वं कलम हेच मागतं: जहाजावर काहीही घडलं तरी कंपनीला केव्हाही प्रतिसाद देता आला पाहिजे. माणसं साधारण अशी निवडा:

- पथकप्रमुख
- समुद्रावर काम केलेला कॅप्टन आणि एक चीफ इंजिनिअर
- विमा, पी अँड आय क्लब (जहाजमालकांचा परस्पर दायित्व-विमा संघ) आणि कायदा पाहणारा
- खलाशांच्या घरच्यांशी बोलणारा (हा हमखास विसरला जातो, आणि बातमी फुटली की फोन थांबत नाहीत)

तळ फुटलेलं जहाज तरंगेल का, मोडेल का, हे गणित कार्यालयात बसून जमत नाही. त्यासाठी वर्गीकरण संस्थेची (जहाजाची बांधणी आणि मजबुती तपासून प्रमाणित करणारी संस्था) आपत्कालीन सेवा घ्या. ५००० टन डेडवेट (जहाज माल-इंधनासह वाहू शकतं ते एकूण वजन) किंवा त्याहून मोठ्या तेलवाहू जहाजांना किनाऱ्यावरच्या अशा संगणकीय गणनेची तातडीची सोय मार्पोलच्या (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १, नियम ३७ नुसार सक्तीचीच आहे. जहाजाचे आराखडे त्या संस्थेकडे आधीच द्या, आणि रोजची मालभरणीची स्थिती कार्यालयात येत राहील असं बघा. ती नसेल तर गणित अंदाजानेच होतं.

मात्र माणसं वाचवण्याचं काम या पथकाचं नाही. भारतीय पाण्यात ते समन्वयन तटरक्षक दलाचं त्या भागाचं बचाव समन्वय केंद्र (मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम) करतं (फोन १५५४). जहाजावरचा अंतिम शब्दही कॅप्टनचाच.