कॉर्डचा ‘पालट’

पंचवटीत पेटी आणि कीबोर्ड शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: जॅझच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याच्या) ‘इन्व्हर्जन’ला मराठीत पलटा म्हणावं, उलट म्हणावं की मूर्च्छना?

पलटा नको. सारेग, रेगम, गमप ह्या रियाजाला तो शब्द केव्हाच बांधला गेलाय. ‘उलट’ तर मुलांना चकवेल. ‘सा ग प उलट’ म्हटलं की ती प ग सा वाजवणार. इथे उलटं काहीच होत नाही, तळाचा सूर उठून वर जाऊन बसतो: सा ग प, मग ग प सां, मग प सां गं. मला ‘पालट’ पटतो, तो ‘खांदेपालट’मुळे. पालखी तीच असते, खालचा खांदा बदलतो. पहिला पालट, दुसरा पालट. तीन सुरांच्या कॉर्डला दोन, चार सुरांच्या सेव्हन्थला तीन, पाच सुरांच्या नाइन्थला चार.

(नाइन्थ म्हणजे रेच. सा पहिला धरून मोजत गेलं की सां आठवा, रें नववा. तसाच मं अकरावा, धं तेरावा.)

मूर्च्छनेत साच हलतो. गला सा मानलं की सगळ्या सुरांची नाती बदलतात. पालटात मात्र सा तळाशी नसला तरी घर त्याचंच. म्हणून मूर्च्छनाही नाही. पण सा ग प ध घ्या. घर सा मानलं तर ही सिक्स्थ. घर ध मानलं तर ध सा ग प ही मायनर सेव्हन्थ, आणि तिचा पहिला पालट पुन्हा सा ग प ध! गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीसारखी ही कॉर्ड, ज्या बाजूनं याल तिकडे तोंड. इथे मूर्च्छना आठवली तर ते अगदी रास्त आहे.

आणखी एक. जॅझचा पियानोवादक नाइन्थमधला सा पुष्कळदा सोडूनच देतो. ग, प, कोमल नी, रें एवढंच धरतो, कारण सा बासवाला, म्हणजे खालचे सूर वाजवणारा, सांभाळतो. तळाला ग दिसला तरी हा पालट नव्हे. सगळी वाद्यं मिळून सर्वांत खाली कोण वाजतंय, त्यावर पालट ठरतो. पियानोवरच्या ह्या रचनेला ‘मांडणी’ म्हणावं.

वहीत ‘सी स्लॅश ई’ आलं (सी म्हणजे सा धरला, तर ई म्हणजे ग), की मुलांकडून ‘साची कॉर्ड, तळाला ग’ असं मोठ्यानं म्हणवून घ्या.