‘सई’ म्हणजे कोण?

नौपाड्यातल्या आपल्या एका सदस्याने विचारले आहे की, मुलीचे नाव ‘सई’ ठेवायचे जवळजवळ ठरले असताना मोबाइलवरच्या एका यादीत त्याचा अर्थ ‘फूल’ असा दिला आहे आणि आजी म्हणतात, ‘सई म्हणजे कागदावर करतात ती’. तर यातले खरे काय?

फुलाचा अर्थ सोडून द्यावा. जाई-जुईच्या पंगतीत बसल्यामुळेच तो या नावाला चिकटला असावा.

‘सई’ म्हणजे सखी. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या ख, घ, थ, ध, भ या वर्णांचा सहसा ‘ह’ होतो, आणि ज्या नियमाने ‘दधि’चे ‘दही’ व ‘बधिर’चा ‘बहिरा’ झाला त्याच नियमाने ‘सखी’ची ‘सही’ झाली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत काव्यसंग्रहात नायिका मैत्रिणीला ‘सहि’ अशीच हाक मारते. पुढे मराठीत हा ‘ह’ही गळाला आणि ‘सई’ उरली. जात्यावरच्या ओव्यांतले ‘सये’ हे तिचेच संबोधन आहे.

व्युत्पत्तीचा जाणकार इथे एक आक्षेप घेऊ शकेल. प्राकृतात ‘सती’चेही ‘सई’ होते. त्याच गाथांमध्ये ‘असती’साठी (सती नसलेल्या स्त्रीसाठी) ‘असई’ हा शब्द येतो. आक्षेप नियमाला धरून आहे, परंतु मराठी बायकांच्या तोंडी जी सई टिकली ती मैत्रीण या अर्थाने, त्यामुळे माझा कौल सखीच्याच बाजूने आहे.

आजींचे म्हणणेही हसण्यावारी नेऊ नये. स्वाक्षरी या अर्थाची ‘सही’ मूळ अरबी असून तिचा नावाशी संबंध नाही. मात्र गावाकडे ‘इथं सई कर’ म्हणतात, तेव्हा तिथलाही ‘ह’ जिभेच्या त्याच सवयीने गळालेला असतो.

नाव आधुनिक वाटत असले तरी जुने आहे. फलटणच्या निंबाळकर घराण्यातील सईबाई या शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजी महाराजांच्या मातोश्री. १६५९ मध्ये राजगडावर त्यांचे निधन झाले.

अडचण आहे ती रोमन लिपीची. तिथे ‘सई’ आणि ‘साई’ सहसा एकाच तऱ्हेने लिहिले जातात, आणि ‘साई’ हा ‘स्वामी’पासून आलेला निराळाच शब्द आहे. माझ्या पुतणीला ठाण्यातल्या एका शाळेत पहिले कित्येक दिवस हजेरीत ‘साई’ म्हणत आणि ती आपल्याला कोणी हाक मारली असे समजतच नसे. जन्मदाखला हातात आल्यावर देवनागरीतला ‘स’ काना न देता छापला आहे ना, हे तेवढे खिडकीवरच पाहून घ्या.