प्रश्नपत्रिकेच्या कागदाचा खर्च कोणाच्या खिशातून?

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि शिक्षण

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत : शाळेतली छपाई, झेरॉक्स आणि त्यामुळे पडणारी तूट. तिन्ही पत्रे मुंबईतून आली आहेत, पण लिहिणारे तीन वेगवेगळ्या जागी उभे आहेत. म्हणून ती संक्षेपाने, पण एकत्र देत आहे.

प्रश्न : आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीचे सहाशे विद्यार्थी आहेत. वेतन शासनाकडून होते. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचे पैसे, मात्र पुरत नाही आणि वेळेवर येईलच अशी खात्री नसते. गेल्या वर्षी प्रश्नपत्रिका आणि झेरॉक्स यांवर अंदाजपत्रकातल्या तरतुदीच्या दीडपट खर्च झाला. यंदा तूट भरून देण्यास शाळा चालवणाऱ्या संस्थेने नकार दिला असून प्रत्येक शिक्षकाला महिन्याला शंभर पानांची मर्यादा घालावी, असे सुचवले आहे. हे योग्य होईल का? – एक मुख्याध्यापिका, लालबाग

उत्तर : संस्थेची अडचण खरी आहे, पण सुचवलेला उपाय मला मान्य नाही. चार तुकड्यांना गणित शिकवणाऱ्या शिक्षकाकडे दोनशे मुले असतात; त्याला महिन्याला शंभर पाने दिली, तर एका मुलाच्या वाट्याला अर्धे पान येते. ज्यांना छापील कागद फारसा लागत नाही त्यांची पाने शिल्लक राहतात आणि ज्यांना तो लागतो ते शाळेबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशांनी प्रती काढून आणतात. अशाने खर्च होतो तेवढाच होतो, मात्र तो शाळेच्या रोजकिर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, दिसेनासा होतो. आणि जो खर्च किर्दीत नाही, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी कोणाकडे मागणीही करता येत नाही.

म्हणून आधी मोजणी करावी. सहा विषय, दोन घटक चाचण्या आणि दोन सत्र परीक्षा असे धरू. घटक चाचणीची पत्रिका दोन पानी आणि सत्र परीक्षेची चार पानी असेल, तर एका मुलामागे वर्षाला बहात्तर पाने होतात. सहाशे मुलांची ४३,२०० पाने झाली. ही एकाच बाजूने छापली तर पाचशे कागदांचे सत्त्याऐंशी रीम लागतील आणि दोन्ही बाजूंनी छापली तर चव्वेचाळीस. दुकानात पानाला एक रुपया पडतो असे धरले, तर केवळ परीक्षांचा खर्च त्रेचाळीस हजारांवर जातो. शासकीय आणि अनुदानित शाळांना नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांच्या काही विषयांच्या पत्रिका छापून मिळतात, त्या या आकड्यातून वजा कराव्यात. मात्र युडायसवरची, म्हणजे शाळांच्या माहितीच्या शासकीय ऑनलाइन नोंदीतली, पटसंख्या बरोबर आहे ना, हे वेळीच पाहावे, कारण प्रती कमी आल्या तर त्या शेवटी शाळेलाच काढाव्या लागतात.

परीक्षांचा आकडा हाती आला की उरलेली पाने कुठे जातात, हे शोधणे सोपे होते. यंत्राशेजारी एक साधी नोंदवही ठेवावी आणि महिनाभर तारीख, वर्ग, कारण आणि पानांची संख्या एवढेच लिहावे. मी मुख्याध्यापक असताना अशी वही पहिल्यांदा ठेवली, तेव्हा वर्गांपेक्षा कार्यालयाची पाने अधिक निघाली. फोनवर आलेले परिपत्रक तीन फायलींसाठी तीनदा छापले जात होते, आणि एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत भरून तिच्या प्रती निघत होत्या. मुलांच्या हाती एकही कागद कमी न देता बचत करण्याची पहिली जागा ही आहे, आणि मर्यादा घालायचीच असेल तर ती आधी इथे घालावी.

आता यंत्राविषयी. टोनरच्या खोक्यावर दोन हजार पानांचा आकडा लिहिलेला असतो, तो साधारणपणे पानाचा पाच टक्के भाग काळा होतो असे धरून दिलेला असतो. पत्रिकेत छायांकित नकाशा, काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरे किंवा छायाचित्रे असली आणि दहा टक्के भाग काळा झाला, की तोच टोनर सुमारे हजार पानांत संपतो. भूगोलाचा नकाशा आणि विज्ञानाची आकृती रेषाचित्र म्हणून काढली, तर ती मुलांना अधिक स्पष्टही दिसते. यंत्र घेताना त्याच्या किमतीपेक्षा टोनर (शाईची भुकटी) आणि ड्रम (कागदावर छाप उमटवणारा रूळ) यांचा पानामागे पडणारा खर्च पाहावा. लॅमिंग्टन रोडवर कार्ट्रिज भरून देणारे पुष्कळ आहेत. त्यांतला एक ठरवून, भरल्याची तारीख आणि त्यानंतर निघालेली पाने वहीत लिहीत गेल्यास स्वस्तातले रिफिल खरोखर स्वस्त पडते की नाही, ते दोन-तीन महिन्यांत कळते.

मुंबईच्या शाळांनी आणखी एक गोष्ट सांभाळली पाहिजे, ती म्हणजे पावसाळा. पहिली घटक चाचणी बहुधा ऑगस्टच्या दमट हवेत येते. उघड्या रीममधला कागद ओल धरतो, कडांना वळतो, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात किंवा यंत्रात अडकतात. आणि दोन्ही बाजूंनी छापताना तर हे अधिकच होते. मग शिक्षक कंटाळून एकाच बाजूने छापू लागतात आणि कागद दुप्पट लागतो. रीम जमिनीवर न ठेवता बंद कपाटात ठेवावे, वेष्टन लागेल तेव्हाच फोडावे आणि उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवावा. हे लहान वाटले तरी माझ्या अनुभवात कागदाची सर्वांत मोठी नासाडी याच कारणाने होत असे.

एका इयत्तेच्या चार-पाच तुकड्या असतील, तर डुप्लिकेटर यंत्राचा विचार करावा. जुन्या सायक्लोस्टाइलचे हे आजचे रूप आहे. प्रत्येक मूळ पानासाठी एक मास्टर, म्हणजे स्टेन्सिलसारखा पातळ पत्रा, लागतो आणि त्याचा खर्च पन्नास प्रतींना जेवढा, तेवढाच तीनशे प्रतींना. त्यामुळे एका तुकडीसाठी ते यंत्र महाग पडते, आणि सबंध इयत्तेच्या समान पत्रिकेसाठी, विशेषतः दोन-तीन शेजारच्या शाळांनी मिळून पत्रिका काढल्यास, पुष्कळ स्वस्त. यंत्र भाड्याने घेणार असाल तर करारातली किमान पानांची अट नीट वाचावी. दर महिन्याला ठरावीक पानांचे पैसे द्यावेच लागणार असतील, तर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळा न छापलेल्या पानांचे पैसे भरत राहते. ही अट वर्षाच्या एकूण पानांवर लावून घ्यावी.

राहिला प्रश्न तुटीचा. गेल्या वर्षीच्या तरतुदीत अंदाजाने थोडी भर घालून नवे अंदाजपत्रक करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला, परंतु छपाईच्या साध्या कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. त्यामुळे जुन्या दराने केलेला हिशेब पहिल्याच खरेदीत कोलमडतो. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या कागदाच्या बाजारातून वर्षाचा कागद एकदम घेण्यासाठी तीन दरपत्रके मागवा. छपाई हा सादिल, म्हणजे किरकोळ कार्यालयीन, खर्चातला भाग न ठेवता त्यासाठी स्वतंत्र शीर्ष करा आणि त्याखाली परीक्षा, अध्यापन आणि कार्यालय अशा तीन ओळी ठेवा. संस्थेसमोर जाताना ‘पैसे पुरत नाहीत’ असे न सांगता, सहाशे मुलांच्या परीक्षांना इतकी पाने लागतात, दोन्ही बाजूंनी छापून आणि कार्यालयाची पाने कमी करून आम्ही इतका खर्च वाचवला आहे आणि तरीही इतकी रक्कम कमी पडते, असे लेखी मांडा. त्यानंतरही संस्थेने नकार दिला, तर कोणती परीक्षा घेऊ नये हे संस्थेनेच लेखी कळवावे, अशी विनंती करायला संकोच करू नका.

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवते. वाचन कच्चे असलेल्या मुलांसाठी दर आठवड्याला कृतिपत्रिका करते आणि झेरॉक्स स्वतःच्या पैशांनी काढते. सहकारी म्हणतात, पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकत जा. काय करावे? – एक शिक्षिका, गोवंडी

उत्तर : बाई, आपण करता ते काम मोलाचे आहे, म्हणूनच ते आपल्या पगारावर अवलंबून राहता कामा नये. आपली बदली झाली की ते त्याच दिवशी थांबेल.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद असते. ते पटसंख्येवर ठरते : १०१ ते २५० मुलांसाठी ५० हजार रुपये, २५१ ते १,००० मुलांसाठी ७५ हजार आणि त्याहून अधिक पट असेल तर एक लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, आणि दुरुस्ती, वीज, इंटरनेट, शैक्षणिक साहित्य हे सारे उरलेल्यात बसवायचे असते. तीनशे मुलांच्या शाळेला पूर्ण रक्कम मिळाली तरी एका मुलामागे वर्षाला अडीचशे रुपये होतात. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा शिक्षण अर्थसंकल्प ३,९५५ कोटी रुपयांचा होता. हा आकडा ऐकून शाळेत पैशांची कमतरता नसेल असे कोणालाही वाटेल, परंतु दुसरीच्या वर्गातल्या कृतिपत्रिकेपर्यंत त्यातले पैसे पोहोचायचे, तर शाळेच्या विकास आराखड्यात तिचा उल्लेख असावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो. आपल्या वर्षभराच्या पत्रिकांची पाने मोजून ती मागणी मुख्याध्यापकांमार्फत लेखी द्या आणि आतापर्यंतच्या झेरॉक्सच्या पावत्या तिला जोडा.

व्हॉट्सअ‍ॅपचा सल्ला मला पटत नाही. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिले की घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि कागद हवा असेल तर आई दुकानात पैसे देऊन छापून आणते. म्हणजे खर्च आपल्याकडून निघून आपल्याहून कमी मिळकतीच्या घरावर पडतो. त्याऐवजी ज्या पत्रिका पुन्हा पुन्हा वापरता येतात त्यांचे वीस संच एकदाच जाड कागदावर छापून प्लास्टिकच्या पाकिटांत घाला आणि वरून पुसता येणाऱ्या पेनाने मुलांना लिहू द्या. जोड्या लावणे, गाळलेला शब्द भरणे, अक्षर गिरवणे यांना हे चालते. मात्र मुलाने स्वतः रचलेले वाक्य कागदावरच राहू द्या, कारण जूनमधले वाक्य आणि फेब्रुवारीतले वाक्य शेजारी ठेवूनच त्याची प्रगती कळते. कागद वाचवण्यासाठी अक्षर बारीक करण्याचा मोहही टाळावा. देवनागरीत वेलांटी, रफार, उकार यांना ओळीच्या वर आणि खाली जागा लागते. ती कमी केली की नुकते वाचू लागलेले मूल ‘कि’ आणि ‘की’ यांत अडखळते आणि आपण त्याचे वाचन कच्चे समजतो.

प्रश्न : माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. चाचणीच्या प्रश्नपत्रिकांसाठी प्रत्येकी शंभर रुपये आणायला सांगितले. मी घरकाम करते. हे पैसे द्यावेच लागतात का? – एक आई, धारावी

उत्तर : नाही, ताई, द्यावे लागत नाहीत. पालिकेच्या शाळेत सहावीपर्यंतच काय, आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे आणि पैसे दिले नाहीत म्हणून मुलाला परीक्षेला बसू न देणे कायद्याविरुद्ध आहे. परंतु वर्गशिक्षकांवर रागावू नका; बहुतेक वेळा वरून पैसे न आल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ येते. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. त्यांपैकी कोणालाही भेटून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी विचारायला सांगा : यंदा शाळेला अनुदान किती आले, आणि त्यातले छपाईसाठी किती ठेवले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. आपण स्वतःही बैठकीला गेलात तर उत्तम. लिहिता येत नसेल तरी विचारता येते.