३०० एमएमवर सॉफ्ट फोटो: लेन्स पाठवायच्या आधी हे वाचा

भाऊ, हतनूर धरणावर काढलेले चक्रवाक पक्षी ३०० एमएमवर सगळे सॉफ्ट, म्हणजे धूसर आले, म्हणून नवी ७०-३०० एमएमची झूम लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवताय असं लिहिलंय तुम्ही. जरा थांबा. हेच दुखणं मी काढलंय.

शटरचा वेग आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) यांचं तुम्हाला ठाऊक असणारच. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ३०० म्हणजे ४५० धरा, हातात धरून १/५०० सेकंदाच्या खाली उतरू नका. उडत्या पक्ष्याला १/१६०० तरी हवं. व्हीआर (लेन्समधली कंप कमी करणारी सोय) आपला हात सावरतं, पक्ष्याला थांबवत नाही. आयएसओ चढला तर चढू द्या.

आता सेंटरचं. नाव घेत नाही. लेन्ससोबत मी पेनड्राइव्हवर फोटो दिले होते, सगळे भर उन्हातले, पाण्यापलीकडचे. कोणी उघडूनसुद्धा बघितले नाहीत. लेन्स परत आली, 'दोष आढळला नाही', वर तपासणीचं बिल आणि कुरियरही माझंच. पुन्हा पाठवली, तर 'कॅलिब्रेशन केले' एवढी एक ओळ. फोटो होते तसेच. काय बदललं म्हणून फोन केला, तर 'सर, रिपोर्टमध्ये आहे.' अहो, रिपोर्टच त्या एका ओळीचा! पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम यातच गेला. फोटो किती वाजता काढला आणि किती लांबून, एवढं जरी कोणी विचारलं असतं!

कारण लेन्स नव्हतीच, झळा होत्या. आपली काळी जमीन तापली की वरची हवा हलते, प्रकाश वाकतो, आणि टेलीमधून, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समधून, ती हलणारी हवाच मोठी होऊन दिसते. हे फक्त मे महिन्यात होतं असं समजू नका. थंडीत पहाटे धरणाचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, तेव्हाही होतं. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, १० पट मोठं करून लांबचा काठ बघा. कडा लवलवताना दिसल्या तर कॅमेरा पिशवीत घाला. तिथे ट्रायपॉडही काही करू शकत नाही.

मी इंजिनिअर नाही, तुमची लेन्स खरंच बिघडलेली असूही शकते. म्हणून सकाळी दहा-पंधरा मीटरवरची दुकानाची पाटी १/१००० ला काढा, लेन्सच्या तोंडावर लावलेली स्वस्त यूव्ही फिल्टरची काच काढून ठेवून. अक्षरं शार्प आली तर लेन्स ठीक आहे. एक बाजू शार्प आणि दुसरी कायम सॉफ्ट असेल, तर मात्र शंका घ्या.

गाडीतून काढत असाल तर एसी किंवा हीटर बंद करून काच आधीच खाली घ्या, आतली-बाहेरची हवा मिसळतानाही तेच होतं. आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ही लेन्स नेणार असाल तर सकाळी न्या. ३०० वर लेन्सचं तोंड एफ/६.३ एवढंच उघडतं, संध्याकाळी त्याला उजेड पुरत नाही, आणि त्या धुळीत लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर माती घेणं.

एवढं करूनही पाठवायचीच असेल तर पाटीचे फोटो सोबत द्या, आणि ते मिळाल्याचं पावतीवर लिहून घ्या.