स्टीरिओ ॲम्प्लिफायरचा एक चॅनेल येतो-जातो, खरखर होते, घूं आवाज येतो आणि मध्येच रिले (स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा स्विच) तुटतो, म्हणजे स्पीकर बंद करतो. सुरुवात कुठून करू?

तुमच्या चारही तक्रारी नेहमीच्या आहेत. त्यातल्या पहिल्या तीन बहुतेक वेळा जळालेल्या पार्टमुळे नसतात, खराब झालेल्या जोडामुळे असतात. म्हणून लगेच झाकण उघडू नका. आधी दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे की बाहेर, ते ठरवा.

पॉवर बंद करा आणि इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदला. बंद पडणारी बाजू बदलली, तर दोष प्लेअरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. नाही बदलली, तर पिना पूर्ववत करून ॲम्प्लिफायरकडची स्पीकरची टोकं बदला. आता आवाज त्याच स्पीकरचा जात असेल, तर तो स्पीकर किंवा त्याची वायर तपासा. दुसऱ्या स्पीकरचा जाऊ लागला, तर मात्र दोष ॲम्प्लिफायरमध्येच आहे.

तसं असेल तर एक खूण बघा. हळू आवाजात चॅनेल गायब होतो आणि व्हॉल्यूम क्षणभर मोठा केला की परत येतो का? मग संशय आधी स्पीकर रिलेवर घ्या. त्याच्या संपर्कबिंदूंवर काळा थर बसतो. बारीक सिग्नल त्याला भेदू शकत नाही, मोठा भेदतो. कागदाची जाड पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून बिंदूंमधून हलकेच ओढली की काही दिवस काम चालतं, पण खरा उपाय नवा रिले. जुन्यावर छापलेलं कॉइलचं व्होल्टेज (बऱ्याचदा २४ व्होल्ट), संपर्काचे अँपिअर आणि पायांची रचना जुळवून घ्या. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि दोष लवकरच परत येतो. रिले ठीक असेल तर सिलेक्टर आणि टेप-मॉनिटरची बटणं वीस-तीसदा दाबून बघा. काही जुन्या सेटच्या मागे प्री-आउट (प्रीॲम्पचं आउटपुट) आणि मेन-इन (पॉवर ॲम्पचं इनपुट) जोडणाऱ्या धातूच्या छोट्या क्लिपा असतात. त्या काढून, पुसून परत लावा. ही जागा हमखास नजरेतून सुटते.

खरखरीसाठी व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. क्लीनर पूर्ण वाळेपर्यंत सेट लावू नका. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे इथे चालत नाही, त्याचं तेल धूळ धरून ठेवतं. एवढं करूनही संपूर्ण फेरीभर सारखीच खरखर येत असेल, तर पॉटवर डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) येतोय का ते मोजा. आधीच्या टप्प्याचा कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) लीक झाला की असंच होतं आणि मग नवीन पॉटही खरखरतो.

घूं आवाजाची कसोटी सोपी आहे. व्हॉल्यूमबरोबर तो वाढत असेल तर इनपुटकडे बघा, शून्यावरही तेवढाच राहत असेल तर पॉवर सप्लायकडे. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर अर्थ-लूपचा (उपकरणांच्या अर्थिंगमधून बनलेल्या वेटोळ्याचा) आवाज बहुधा ५० हर्ट्झचा, खोल आणि गुळगुळीत असतो. पॉवर सप्लायचा फिल्टर कॅपॅसिटर कमजोर झाला की १०० हर्ट्झचा, थोडा खरबरीत येतो. लूप शोधायला एकेक केबल काढत जा; अँटेनाची किंवा केबल टीव्हीची वायर निघताच आवाज थांबला, तर कारण सापडलं. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा, तरीही राहिला तर सिग्नलच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंग मात्र कधीही तोडू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

रिले तुटणं ही खरी गंभीर तक्रार. दोन्ही स्पीकर काढून सेट लावा. आता रिले टिकला तर कुठेतरी वायरची तार तारेला टेकतेय किंवा स्पीकरचा ओहम फार कमी आहे. तरीही तुटला तर रिलेच्या अलीकडे (स्पीकरच्या नव्हे, ॲम्प्लिफायरच्या बाजूला), आउटपुट आणि ग्राउंडमध्ये डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. कित्येक व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. (ही मापं नेहमीच्या क्लास-एबी सेटची आहेत. ब्रिज केलेल्या, म्हणजे स्पीकरचं एकही टोक ग्राउंडला नसलेल्या क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) सेटमध्ये स्पीकरच्या दोन टोकांमध्येच मोजायचं, ग्राउंडला नाही.)

आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठे कॅपॅसिटर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने मिनिटभर रिकामे करून मीटरवर खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मग मीटर डायोड मोडवर ठेवून बघा: बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतात. कलेक्टर-एमिटरमध्ये बीप वाजला तर सर्किटमधून काढून पुन्हा मोजा, तरीही वाजला तर तो ट्रान्झिस्टर गेला. बदलताना त्याचा जोडीदार, ड्रायव्हर (त्याला सिग्नल देणारा छोटा ट्रान्झिस्टर) आणि एमिटर रेझिस्टरही तपासा, नाहीतर नवीन ट्रान्झिस्टर चालू करताक्षणी उडतो. सी५२०० आणि ए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीत नकली माल फार फिरतो, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. अभ्रकाची चकती आणि हीटसिंक पेस्ट विसरू नका. बसवल्यावर कलेक्टर आणि हीटसिंकमध्ये बीप येता कामा नये.

पहिल्यांदा सेट लावताना स्पीकर जोडू नका आणि मेन्समध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, एलईडी चालणार नाही. बल्ब लखकन पेटून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर लगेच बंद करा, शॉर्ट अजून आहे. बायसचा (सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटचा) प्रीसेट आधी सर्वांत कमीवर आणून ठेवा. बल्ब काढल्यावर एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघत हळूहळू वाढवा: ०.२२ ओहमवर ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा आणि वीस मिनिटं गरम झाल्यावर पुन्हा मोजा, कारण तोवर तो सरकलेला असतो.